झडीच्या दिवसातले तव्यावरचे डाळवडे



आषाढाची झड एकदा लागली की चार-चार दिवस सूर्याचे तोंड दिसत नाही. रानात वाफसा नसतो, म्हणून भांगलण थांबलेली असते. कोळपे पडवीला टेकून उभे असते. पोरे दप्तर पोटाशी धरून शाळेतून येतात ती ओलीचिंब होऊनच. घरधनी जनावरांना वैरण टाकून, डोक्यावरची पोत्याची खोळ झटकत सोप्यात टेकतात आणि माजघराकडे हाक येते, "अगं, काहीतरी तिखटमिठाचं होऊ दे, गरमागरम!"

ही हाक काही नवी नाही. आपल्याकडे आषाढ तळायची रीतच आहे. कापण्या होतात, तिखटमिठाच्या पुऱ्या होतात. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी असते. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी घरे त्या दिवशी कांदाभजी करून कांद्याचा निरोप घेतात. पाऊस आणि तळण यांची गाठ अशी जुनी आहे आणि ती मोडा असे मी सांगणार नाही.

मला सांगायचे आहे ते थोडे वेगळे. मागे एका गावी बायकांच्या बैठकीत बसले होते. बाहेर पाऊस लागलेला. बोलता बोलता गोष्ट भज्यांवर आली. कोणी मिरचीची भजी सांगितली, कोणी ओव्याच्या पानांची. मी सहज विचारले, "पहिला घाणा निघतो तो कोण खातं?"

"पोरं," एकजण म्हणाली.

"आणि दुसरा?"

"मालक. पैपाव्हणा असला तर तो."

"तिसरा?"

"आत्याबाई, मामंजी."

"मग तुम्ही?"

सगळ्या हसल्या. कोपऱ्यात बसलेली एक पोक्त बाई हसता हसताच म्हणाली, "आम्ही कढईच्या तळाचा चुरा खातो, ताई. करून करून वासानंच पोट भरतं."

बोलणे हसण्यावारी गेले, पण मला घरी येईपर्यंत ते वाक्य सोडीना. जी बाई सकाळपासून चिखलात वाकून भांगलते, धारा काढते, ओल्या सरपणाला फुंकर घालून चूल पेटवते, तिच्याच ताटात चुरा. २०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याची कारणे पुष्कळ असतात. पण शेवटी जेवणे आणि उरलेले जेवणे हे त्यातले एक आहेच, आणि त्याला औषधाच्या दुकानात गोळी मिळत नाही.

म्हणून आज असा पदार्थ सांगते की जो पावसाळी हाकेला उत्तर देईल, पोटालाही लागेल आणि करणारीला सगळ्यांबरोबर बसून गरम खाता येईल. तो म्हणजे तव्यावरचे डाळवडे. हे काही नवलाचे नाहीत. डाळवडा आपल्याकडे घरोघर माहीत आहे. विदर्भात मिश्र डाळींच्या भरड्याचे वडे करून ते भातावर कुस्करतात, वर हिंग-मोहरी आणि लाल मिरचीची फोडणी ओततात, सोबतीला कढी घेतात. तो वडाभात कुळाचाराच्या जेवणातही मानाचा आहे. मी फक्त कढई उतरवून तवा चढवायला सांगते आहे.

भज्यापेक्षा वडा का

भजे म्हणजे पातळ पिठाचे कवच आणि आत कांदा किंवा बटाटा. खाताना गोड लागते, पण तासाभरात पोरगे परत "आई, भूक लागली" म्हणत येते. वडा म्हणजे मुळात डाळच. कोरड्या डाळीत शंभर ग्रॅमला साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. खाली दिलेल्या मापाने सहा माणसांना पाच-पाच वडे येतात आणि माणशी पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने पोटात जातात. अंड्याच्या हिशोबाने बोलायचे तर दोन अंड्यांहून थोडी जास्तच.

त्यात मूठभर ज्वारीचे किंवा तांदळाचे पीठ घातले की आणखी एक फायदा होतो. धान्याच्या प्रथिनात जे घटक कमी पडतात ते डाळीत भरपूर असतात आणि डाळीत जे कमी ते धान्यात असतात. दोन्ही एकत्र आली की अंगाला नीट लागतात. भाकरीबरोबर आमटी आणि भाताबरोबर वरण खाणाऱ्या आपल्या आज्यांनी हे शाळेत न जाता ओळखले होते.

आता तेलाचे. डाळवडे कढईत तळायचे तर अर्धा लिटर तेल तापवावेच लागते. तळून झाल्यावर कढईत जे उरते ते टाकवत नाही. दुसऱ्या दिवशी त्यातच पापड, तिसऱ्या दिवशी पुन्हा भजी. तेल काळपट आणि चिकट होते, त्याला फेस येतो, लवकर धूर सुटतो. असे तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात शरीराला अपायकारक घटक तयार होतात. बाजारात तळणाऱ्यांसाठी सरकारने २०१८ च्या १ जुलैपासून नियम लागू केला की तेलात असे बिघडलेले घटक २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल तळणाला वापरायचे नाही. आपल्या घरी ते मोजायला यंत्र नाही. पण डोळे आहेत, नाक आहे. काळे, दाट आणि खवट वासाचे तेल ओळखू येतेच.

तव्यावर हा प्रश्नच येत नाही. तिसाभर वड्यांना मिळून अर्ध्या वाटीच्या आतच तेल लागते, ते त्याच दिवशी संपते आणि मागे काही उरत नाही. शिवाय बिडाचा किंवा लोखंडी तवा असला तर लोहाचा थोडा अंश अन्नात उतरतो, तो वेगळाच लाभ.

साहित्य

सहा माणसांसाठी, घरातल्या आमटीच्या वाटीचे माप धरून:

हरभऱ्याची डाळ २ वाट्या; मुगाची सालीची डाळ १ वाटी; उडदाची डाळ एक मूठ; ज्वारीचे किंवा तांदळाचे पीठ अर्धी वाटी; मध्यम कांदे ३; हिरव्या मिरच्या ६ ते ७ (मुलांच्या तोंडाचा अंदाज घेऊन); लसणाच्या पाकळ्या ८ ते १०; आले बोटाच्या पेराएवढे; जिरे १ चमचा; अर्धवट कुटलेले धने १ चमचा; ओवा अर्धा चमचा; हिंग चिमूटभर; हळद अर्धा चमचा; बारीक चिरलेली कोथिंबीर किंवा शेवग्याचा पाला २ वाट्या; मीठ चवीपुरते; तेल अर्ध्या वाटीपेक्षा कमी.

चातुर्मास पाळणाऱ्यांनी कांदा-लसूण वगळावे, हिंग आणि आले थोडे वाढवावे. कांद्याच्या जागी दुधी किसून, घट्ट पिळून घालावा. वडा तितकाच खुसखुशीत होतो. पिळलेले पाणी फेकू नका, कणीक मळायला घ्या.

मूग नसेल तर चवळीची किंवा मसुरीची डाळ चालते. तुरीची डाळ थोडी चालते, पण नुसत्या तुरीचा वडा कडक होतो. हरभरा मात्र निम्म्याहून अधिक असावा, त्याशिवाय डाळवड्याची चव येत नाही.

कृती

१. डाळी निवडून, तीन पाण्यांनी धुवून, एकत्र भिजत घाला. तीन ते चार तास पुरे होतात. नखाने दाबल्यावर हरभऱ्याची डाळ कटकन तुटली म्हणजे भिजली. रात्रभर ठेवू नका. पावसाळी दमट हवेत पाणी आंबते आणि वड्याला वास मारतो. दुपारी सरी येणार असे आभाळ दिसले तर सकाळच्या भाकरी झाल्यावरच डाळ भिजत टाकावी, म्हणजे पोरे शाळेतून येईपर्यंत सगळे तयार असते.

२. डाळ रोळीत उपसून पंधरा-वीस मिनिटे पाणी पूर्ण निथळू द्या. ही पायरी घाईत चुकते आणि मग वडे फुटतात.

३. मूठभर अख्खी डाळ बाजूला ठेवा. बाकीची डाळ मिरची, लसूण, आले आणि जिऱ्याबरोबर पाण्याचा थेंबही न घालता भरड वाटा. पाटा-वरवंटा असेल तर उत्तमच, हाताला अंदाज लागतो. मिक्सर असेल तर थोडी थोडी डाळ घालून, थांबत थांबत फिरवा. एकदम फिरवली तर खाली पीठ होते आणि वर डाळ तशीच राहते. झडीच्या दिवसात वीज हमखास जाते, म्हणून वीज आहे तोवर वाटण उरकून घ्यावे.

४. वाटलेली डाळ परातीत काढून तीत अख्खी डाळ, पीठ, धने, ओवा, हिंग, हळद आणि पाला मिसळा. कांदा आणि मीठ अगदी शेवटी, तवा तापत आल्यावर घाला. मिठाने कांद्याला पाणी सुटते आणि मिश्रण सैल पडते.

५. हात ओला करून लिंबाएवढा गोळा घ्या आणि तळहातावर चपटा करा. जाडी बोटाएवढी असावी, जास्त नको. कडा थोड्या पातळ ठेवल्या तर त्या कुरकुरीत होतात.

६. तवा चांगला तापवून आच मध्यम करा. एक चमचा तेल पसरून सात-आठ वडे मांडा, कडेने आणखी एक-दीड चमचा तेल सोडा आणि वर झाकण ठेवा. चार-पाच मिनिटांनी झाकण काढून वडे उलटा. दुसरी बाजू झाकण न ठेवता, उलथन्याने हलके दाबत, तांबूस होईपर्यंत भाजा. पहिल्या खेपेतला एक वडा फोडून बघा. आतली डाळ कच्ची, पांढुरकी दिसली तर पुढचे वडे पातळ थापा आणि आच थोडी कमी करा. कच्ची हरभऱ्याची डाळ पोटात गेली की रात्रभर गुबारा धरतो आणि दोष वड्याला लागतो.

चुलीवर करणाऱ्यांनी तव्याखाली मोठा जाळ ठेवू नये. दोन लाकडे मागे ओढावीत, निखाऱ्यावर वडा आतपर्यंत शिजतो.

वडा बिघडतो तो असा

वडा तव्यावर फुटला तर डाळीत पाणी राहिले आहे किंवा भरड फार जाड आहे. त्यात चमचा-दोन चमचे पीठ घाला, किंवा मूठभर मिश्रण पुन्हा वाटून त्यात मिसळा. वडा टणक झाला तर डाळ फार बारीक वाटली गेली किंवा पीठ जास्त पडले. वडा तव्याला चिकटला तर तवा पुरता तापला नव्हता किंवा उलटायची घाई झाली. खालची बाजू झाली की वडा आपणहून सुटतो. सोडा घालायची गरज नाही.

पाल्याबद्दल दोन शब्द

पावसाळ्यात बांधाला, परसात पाला फुकट मिळतो. शेवग्याचा कोवळा पाला वड्यात फार छान लागतो. त्यात लोह आहे, चुनखडीचा अंश आहे, डोळ्यांना लागणारे जीवनसत्त्व आहे. आषाढातला कोवळा टाकळा, माठ, मेथी, पालक यांतले काहीही चालते. अळू मात्र या वड्यात घालू नका. त्याची खाज काढायला चिंच लागते आणि पुरते शिजवावे लागते, तेवढे तव्यावर होत नाही. अळूची वडी वेगळी करावी.

पाला कुठून तोडता याकडे मात्र लक्ष द्या. ज्या शेतात तणनाशक किंवा कीटकनाशक मारले आहे त्याच्या बांधावरचा पाला घेऊ नका, कितीही कोवळा दिसला तरी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. औषध पिकावर मारतो, पण वारा त्याला बांधाच्या पलीकडे नेतो. घराजवळचा, परसातला पाला बरा. तोही मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून, दोन-तीन वेळा धुवून, चिखल आणि अळ्या काढून घ्या. आणि औषधाच्या रिकाम्या डब्यात डाळ-दाणे साठवत असाल तर तो डबा आजच फोडून टाका. कितीही घासला तरी तो अन्नाच्या कामाचा नाही.

तोंडी लावायला

हिरवी मिरची, लसूण, मीठ आणि भाजलेले शेंगदाणे यांचा ठेचा वड्याबरोबर उत्तम. पण पावसाळ्यात दाणे पारखून घ्या. दमट जागेत दाण्यांना बुरशी येते. काळे पडलेले, हिरवट-पिवळट बुरशीचे, सुरकुतलेले किंवा कडू लागणारे दाणे सरळ फेकून द्या. त्या बुरशीतून जे विष तयार होते ते यकृताला घातक असते आणि भाजून किंवा तळून ते जात नाही. काही बाया म्हणतात, "माणसाला नको तर म्हशीला घालू." तेही करू नका. जनावराच्या पोटातून ते दुधात उतरते आणि फिरून आपल्याच पोरांच्या पेल्यात येते.

वड्यावर लिंबू जरूर पिळा. डाळीतले आणि पाल्यातले लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते. चहाचे मात्र उलटे आहे. पाऊस, वडा आणि चहा ही तिघांची जोडी मोडवत नाही हे मला कळते. पण चहा त्या लोहाला अडवतो. म्हणून आधी वडे खावेत आणि चहा तासाभराने, धारेच्या वेळी घ्यावा. बाळंतिणीने, पोटुशी असलेल्या सुनेने आणि वयात आलेल्या मुलीने तरी एवढे पाळावेच.

लहान मुलांसाठी मिश्रणातले दोन मुठी आधीच बाजूला काढा. त्यात मिरची आणि अख्खी डाळ नको, वाटणही बारीक असू द्या. अगदी लहानग्याच्या घशात अख्खी डाळ अडकू शकते. म्हाताऱ्या माणसांसाठी मूग जास्त आणि हरभरा कमी घेऊन वडा मऊ ठेवा. दात नसलेल्या आजोबांना तो कढीत बुडवून द्या, ते दोन जास्त खातील.

उरलेच, तर रात्री पातळ कढी किंवा आमटी करून उकळी आल्यावर त्यात सोडा. पाच मिनिटांत फुगून मऊ होतात. भाकरीबरोबर वेगळे कोरड्यास करायला नको.

घरची डाळ घरात राहू द्या

आता जरा हिशोबाचे बोलते. कारभाऱ्यांनाही हे वाचून दाखवा.

आपल्याकडे तूर पौष-माघात निघते, हरभरा त्यामागोमाग फाल्गुनाच्या सुमारास. माल खळ्यावरून थेट बाजारात जातो, कारण देणेकरी दारात असतो. ते मला कळते. पण आषाढ लागता लागता तेच घर किराणा दुकानातून पाव-पाव किलो डाळ आणते, आणि तीही बाजारभावाने. जे आपण पिकवले तेच आपण विकत घेतो. पेरणीत पैसा संपलेला असतो, नवा मूग-उडीद भादव्याच्या आसपास निघायचा असतो. नेमक्या याच दोन-तीन महिन्यांत घरातली आमटी पातळ होते. कामाचा जोर सर्वांत जास्त आणि ताटातली डाळ सर्वांत कमी, अशी ही वेळ असते.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत आठवड्यातून एकदा हे वडे करायचे म्हटले तर साऱ्या घराला सहा-सात किलो डाळ पुरते. शंभर किलो हरभऱ्याची सत्तर-पंच्याहत्तर किलो डाळ पडते, म्हणजे दहा किलो हरभरा बाजूला काढला की वड्यांची सोय झाली. रोजच्या वरण-आमटीची डाळ वेगळी धरा. पोती गाडीत चढायच्या आधी हे धान्य मोजून आत नेऊन ठेवायचे. गाडी गेल्यावर काही उरत नाही, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे.

ठेवताना काळजी घ्या. कडधान्यावरचा भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो, म्हणून अख्खा हरभरा ठेवायचा तर कडक उन्हात चांगला वाळवून, गार करून, किलोला चहाचा एक चमचा गोडे तेल चोळून ठेवा. डाळ करून ठेवली तर भुंग्याचा त्रास कमी होतो. डबा घट्ट झाकणाचा, कोरडा असावा आणि जमिनीला टेकू नये. खाली लाकडी फळी किंवा विटा ठेवा. ओल्या हाताने डाळ काढायची नाही. उघडीप मिळाली, ऊन पडले की डाळीला ते एकदा दाखवून घ्या. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे साल कडधान्यांचे म्हणून साजरे केले आणि २०१९ पासून १० फेब्रुवारी हा कडधान्यांचा दिवस जगभर पाळला जातो. तो दिवस नेमका आपल्या तूर-हरभऱ्याच्या सुगीत येतो. त्या दिवशी आपण आपल्या घरापुरती डाळ बाजूला काढली तर तो पाळल्यासारखे होईल.

आणि शेवटची गोष्ट

आता पुन्हा त्या बैठकीकडे येते. त्या बाईंचे ऐकल्यापासून मी आमच्या घरी एक रीत पाडली. कढईतल्या तळणाचे एक आहे, घाणा सुरू झाला की करणारीला उठता येत नाही. तेल तापलेले, पोरे भोवती, लक्ष काढले की करपते. तव्याचे तसे नसते. झाकण ठेवले की चार मिनिटे हात मोकळा असतो. मी सगळे वडे भाजून पातेल्यात, स्वच्छ फडक्यात झाकून ठेवते. चार खेपांत पाऊण तासात काम होते. पहिल्या खेपेचेही वडे फडक्यात उबदार राहतात. मग चूल ओढून घेते, ताटे मांडते आणि माझेही ताट त्याच पंगतीत मांडते. प्रत्येकाच्या ताटात पाच वडे आधीच वाढलेले असतात, माझ्याही.

पहिल्या दिवशी धाकट्याने विचारले, "आई, तू आज आमच्याबरोबर?" मी म्हटले, "हो, आजपासून." सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण थोड्या वेळाने त्यांनी आपल्या ताटातला लिंबाचा फोड माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाल्या, "आमच्या वेळेला हे कुणी सुचवलं नाही."

त्या एवढेच बोलल्या. पण मला वाटते, त्यांच्या चाळीस पावसाळ्यांचा चुरा त्या एका वाक्यात होता.

तेव्हा पुढच्या झडीत हाक आली की "आणते" म्हणा, पण सगळे एकदम. पोरांना ताटे पुसायला लावा, मोठ्या मुलाला कांदा चिरू द्या, कारभाऱ्यांना पाटा-वरवंटा धुवून द्यायला सांगा. पावसात शेताचे काम थांबलेले असते, त्यांचेही हात मोकळेच असतात. थोडी कुरकुर होईल, पण एकदा रीत पडली की पडली.

बाहेर पाऊस धो धो कोसळू दे. तुमच्या ताटात पाच वडे वाढा आणि ते गरम आहेत तोवर खाऊन घ्या.